पिठाच्या डब्याशेजारी फोन

अगं, रात्री दीड वाजता आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. बातम्या बघितल्या की छातीत धडधडतं, झोप लागत नाही, असं लिहिलंयस. मी यातून गेलेय गं, म्हणून जवळ बसवून सांगतेय असं समज.

जून २०२२ आठवतोय? महाराष्ट्रातले बंडखोर आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला. ते दहा दिवस मी टीव्हीसमोरून हललेच नाही. दोनदा डाळ करपली. २९ तारखेला मुख्यमंत्र्यांचा राजीनामा, ३० तारखेला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. आणि मी काय केलं? घरच्या ग्रुपवर मामाला तीन ओळी लिहिल्या. ज्याने मला सायकल शिकवली, त्याला! तो अकरा महिने माझ्याशी बोलला नाही.

तरी टीव्ही बंद करवेना. स्वस्थ बसले तर मी बेफिकीर ठरेन, असं वाटायचं. तुलाही तेच वाटतंय, हो ना?

मग बाबांच्या कपाटात विनोबांचं 'गीताप्रवचने' हाती लागलं. १९३२ साल. जानेवारीत गांधीजींना पकडलेलं, तुरुंग भरलेले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगत होते आणि साने गुरुजी भराभर उतरवून घेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार. देशाची काळजी त्यांना आपल्यापेक्षा कमी होती का? त्या काळजीपायीच तर आत गेले होते! तरी रविवार चुकला नाही. बाहेर काय पेटलंय ते ठाऊक असून मान खाली घालून लिहीत बसलेले गुरुजी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. शांत होणं म्हणजे पाठ फिरवणं, हा माझा समज तेव्हा गेला.

तू एवढंच कर. रात्री नऊला फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी ठेव. बातम्या सकाळी, चहाबरोबर, पेपरात वाच. पहिले चार दिवस हात शिवशिवतील, अंधारात उशीखाली चाचपडशील. चाचपड, पण उठू नकोस. आणि जो संताप येतो ना, तो घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. तुमच्या गल्लीत पाणी येत नाही, त्याचा अर्ज दे, पोच घे, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. मतदार यादीत तुझं नाव आहे का, तेही बघून ठेव. याने झोप येते, खरंच सांगते.

मामाकडे मी शेवटी मे महिन्यात गेले. फोनवर जमलं नसतं. तो अंगणात फणस फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "हाताला तेल लाव आणि बस." गरे काढता काढता दुपार गेली. पक्षाचं नाव ना त्याने काढलं, ना मी.

आज फोन फळीवर ठेवण्याआधी मला एक मिस्ड कॉल दे. मी जागी आहे.