लाईट संपली, आता पुढच्या पाच वर्षांचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात आणि किरणोपचाराला ‘लाईट’. साधारण पंचवीस वेळा बाहेरून लाईट, मग काही वेळा आतून, असे दीड-दोन महिने जातात. डॉक्टर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावतात. घरच्यांना वाटते, सुटलो, खर्च संपला. पुष्कळ जणींच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण काही जणींना सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, क्वचित दहा वर्षांनीही त्रास सुरू होतो. शौचातून रक्त जाते, लघवी लाल होते, योनीमार्ग आक्रसतो, कंबर धरते. मग कोणी कॅन्सर परत आला म्हणून हातपाय गाळून घरी बसते, तर कोणी मूळव्याध समजून गावातच इलाज करते. या त्रासांवरचा पहिला उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतो. महाग पडतात ते उशीर आणि चुकीचा उपचार.

या आजाराच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे नाव मोठे आहे. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून इथल्या गावागावांत अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका होत्या. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे होते. बायका वाचू लागल्या की वाचल्यानंतरच्या आयुष्याची काळजीही तितकीच घ्यावी लागते.

कोणता त्रास केव्हा

उपचार संपून तीन महिने उलटल्यावर सुरू होणाऱ्या त्रासांना डॉक्टर उशिराचे दुष्परिणाम म्हणतात. किरणांमुळे त्या भागातील बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आखडतात, ऊती कडक होतात. म्हणून त्रास लगेच दिसत नाही.

गुदाशयातून रक्त जाणे बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत दिसते. मूत्राशयाचा त्रास त्याहून उशिरा, कधी कित्येक वर्षांनी येतो. योनीमार्ग आक्रसण्याची सुरुवात पहिल्या वर्षातच होते. पाळी कायमची जाते, त्यामुळे तरुण वयातच अंगातून वाफा निघणे, हाडे ठिसूळ होणे सुरू होते. लहान आतड्याला इजा झाली असेल तर वारंवार जुलाब आणि बी-१२ची कमतरता. काहींचे पाय सुजतात, काहींच्या कंबरेच्या हाडांना बारीक चिरा जातात.

सर्वांत स्वस्त औषध: फाईल

लाईट संपल्यावर मिळालेल्या सारांशपत्रात बाहेरून किती ग्रे (किरणांच्या मात्रेचे माप), किती दिवसांत, आतून किती वेळा आणि किती मात्रा हे लिहिलेले असते. बाहेरची मात्रा बहुधा ४५ ते ५० ग्रे असते. ते पान नसेल तर पुढच्या फेरीत मागून घ्या. त्याच्या चार झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

कारण असे. शौचातून रक्त गेले की बाई जवळच्या दवाखान्यात जाते. तिथे मूळव्याधीचे इंजेक्शन किंवा क्षारसूत्र सुचवले जाते, नाहीतर दुर्बिणीतून पाहताना तपासणीसाठी तुकडा काढला जातो. लाईट बसलेल्या गुदाशयाची जखम नीट भरत नाही. समोरच्या भिंतीचा तुकडा काढला तर व्रण चिघळतो, कधी योनीमार्गाशी भोक पडते. मग दीडशे-अडीचशे रुपयांच्या औषधाचे काम पोटावर शौचाची पिशवी बसवण्यापर्यंत जाते. म्हणून डॉक्टर कोणताही असो, दात काढणारा का असेना, पहिले वाक्य हेच: “माझ्या ओटीपोटाला लाईट दिलेली आहे.” गुदाशयाचा तुकडा घ्यायचा असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, असे स्पष्ट सांगा.

फेऱ्यांचा हिशेब

पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी, पुढची तीन वर्षे दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, असा तपासणीचा साधारण क्रम असतो. म्हणजे पाच वर्षांत बारा ते चौदा फेऱ्या. दोघांचा बुडालेला रोज मिळून साडेसातशे धरला तर चौदा फेऱ्यांचे साडेदहा हजार होतात. तपासणीच्या फीपेक्षा हाच खर्च घराला जास्त जाणवतो आणि फेऱ्या चुकतात त्याही त्यामुळेच.

तो कमी करता येतो. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. कॅन्सर रुग्णाची रेल्वे सवलत फक्त उपचारासाठी नसून नंतरच्या नियमित तपासणीसाठीही आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडे पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. लातूर-मुंबई गाडी धाराशिव आणि बार्शीवरून जाते. परळला टाटाला जाणाऱ्यांनी हे प्रमाणपत्र आधीच्या फेरीतच मागून ठेवावे.

कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तपासणीची तारीख नेमकी हंगामात येते. डॉक्टरांना तसे सांगा. निघण्याआधी एक आणि परतल्यावर एक अशी फेरी बसवून घ्या. फडावर जाताना फाईलची झेरॉक्स, रेशन कार्ड आणि आयुष्मान कार्ड सोबत असू द्या. मुकादमाला आजार सांगायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण टोळीतल्या एका तरी बाईला माहीत असावे.

त्रासागणिक खर्च

पुढचे खासगीतले आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक ठिकाणी आधी विचारा.

• योनीमार्ग आक्रसणे: उपचारानंतर आग शमली की, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी) सुरू करतात. आठवड्यातून दोन-तीनदा, काही मिनिटे, पाण्यात विरघळणारी जेली लावून. हे वर्षानुवर्षे चालू ठेवायचे असते. सिलिकॉनचा संच साधारण दीड-दोन हजारांपासून पुढे मिळतो. जेली शंभर ते तीनशे रुपये. परवडत नसेल तर किरणोपचार विभागातील नर्सला पर्याय विचारा, घरातली वस्तू परस्पर वापरू नका. हे फक्त नवराबायकोच्या संबंधासाठी नाही. मार्ग बंद झाला तर डॉक्टरांना आत तपासताच येत नाही. विधवा किंवा एकट्या बाईलाही ते म्हणूनच लागते.

• कोरडेपणा, वाफा, हाडे: गर्भाशयमुखाचा नेहमीचा कॅन्सर संप्रेरकांवर वाढणारा नसतो. त्यामुळे संप्रेरकांचे मलम किंवा गोळ्या बहुतेक जणींना डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात. मलम काही शेकड्यांत मिळते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जनऔषधी केंद्रात स्वस्त पडते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी दीड ते तीन हजारांत होते.

• शौचातून रक्त: थोडे रक्त आपोआपही थांबते. हिमोग्लोबिन तपासा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. थांबले नाही तर सुक्राल्फेटचा एनिमा. तेच आम्लपित्ताचे दुधाळ औषध डॉक्टर सांगतील त्या मापाने पाण्यात मिसळायचे, बारीक नळीने गुदाशयात हळू सोडायचे आणि बाईने कूस बदलत पडून राहायचे, म्हणजे औषध सगळ्या भिंतीला लागते. दिवसातून दोनदा, काही आठवडे. बाटली दीडशे-अडीचशेची. चंदीगडच्या पीजीआयमधील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात हा उपाय अभ्यासून पुढे आणला. त्यानेही भागले नाही तर फॉर्मालिन लावणे किंवा दुर्बिणीतून आर्गॉनने रक्तवाहिन्या बंद करणे. हे काम अनुभवी हातांचेच.

• लघवीत रक्त: आधी जंतुसंसर्ग आहे का ते पाहतात, मग दुर्बिणीतून मूत्राशय. रक्ताच्या गाठी अडकल्या तर दाखल व्हावे लागते. काही ठिकाणी जास्त दाबाच्या ऑक्सिजन कक्षातले उपचार सुचवले जातात. ३० ते ४० बैठका लागतात. एका बैठकीचे चार हजार धरले तरी खर्च एक लाख वीस हजार ते एक लाख साठ हजारांच्या घरात जातो. मूत्राशयाच्या त्रासात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील चाचणीत त्याचा फायदा दिसला. आतड्याच्या त्रासात मात्र निकाल संमिश्र आहेत. कर्ज काढण्याआधी हा फरक डॉक्टरांना विचारा.

• जुलाब: ‘पोट हलके झाले’ म्हणून सोसू नका. बी-१२ आणि रक्त तपासा. पित्ताम्लांमुळे होणाऱ्या जुलाबांवर वेगळे औषध आहे.

• कंबरेचे दुखणे: ते लगेच हाडात कॅन्सर समजू नये. किरणांनी ठिसूळ झालेल्या हाडाची चीर एमआरआयमध्ये ओळखू येते. खासगीत ओटीपोटाचा एमआरआय सहा ते दहा हजार. जुने एमआरआय सोबत नेले तर तुलना होते आणि दुसऱ्यांदा काढण्याची वेळ टळू शकते.

योजनेत काय बसते, काय नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाईन १५५३८८. योजना दाखल होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. घरी महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्या, जेली, डायलेटर, बाह्यरुग्ण तपासण्या हा खर्च घरचाच. म्हणूनच दुर्बिणीचे किंवा मूत्रनलिकेत नळी बसवण्याचे काम निघाले तर खासगीत पैसे भरण्याआधी ‘हे कोणत्या पॅकेजमध्ये बसते?’ हा प्रश्न आरोग्यमित्राला विचारायचा. भरलेले पैसे नंतर योजनेतून परत मिळतील या भरवशावर राहू नका.

रक्त, क्रिएटिनिन, सोनोग्राफी यासाठी आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या कामासाठी बार्शी, सोलापूरचे शासकीय रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय हे पर्याय आहेत. शक्यतो जिथे लाईट घेतली तिथेच आधी जा, कारण तुमची मात्रा त्यांच्या नोंदीत असते.

काम होत नसेल आणि उत्पन्न फार कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सर रुग्णही येतात. महिना १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.

हे दिसले तर त्याच दिवशी निघा

लघवी किंवा शौच योनीमार्गातून गळणे. लघवी अडणे किंवा खूप कमी होणे, चेहऱ्यावर सूज. पोट फुगून उलट्या, शौच-वारा बंद. रक्ताच्या गाठी, चक्कर. एकच पाय सुजून कंबर दुखणे, कारण ते आजार परतल्याचेही लक्षण असते. मूत्रनलिका आतून अरुंद झाली तर दुखतही नाही आणि मूत्रपिंड मात्र जाते. म्हणून सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन अधूनमधून करायचेच.

लाईट अजून सुरू व्हायची असेल तर

दोन प्रश्न विचारा. पहिला: आयएमआरटी (आजूबाजूचे अवयव शक्य तितके वाचवून लाईट देण्याची पद्धत) करणार का आणि ते योजनेत बसते का? शस्त्रक्रियेनंतर लाईट घेणाऱ्या ३०० बायकांवर टाटाच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी आतड्याचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास जुन्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के, तर रोज प्रतिमा पाहून दिलेल्या आयएमआरटीत सुमारे २१ टक्के होता. दुसरा: नंतरची तपासणी कोण करणार आणि अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? घरात कोणी बिडी-सिगारेट ओढणारे असेल, तर ती सोडण्याचीही हीच वेळ. धूम्रपानाने हे त्रास वाढतात.

या आठवड्यात करायच्या गोष्टी तीनच आहेत: सारांशपत्र शोधा, पुढच्या फेरीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि शौच, लघवी किंवा संबंधांबद्दल जे सांगायला लाज वाटते ते कागदावर मांडून डॉक्टरांच्या हातात द्या. बाईला जमत नसेल तर आशाताईला सोबत न्या. ते न सांगितल्याने जेवढा पैसा जातो तेवढा तपासणीत कधीच जात नाही.