लाळग्रंथींचे विकार : निदान आणि उपचार

लाळ ही मानवी शरीरातील अत्यंत उपयुक्त, परंतु सर्वात उपेक्षित अशी देणगी होय. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. तिच्यात नव्व्याण्णव टक्के पाणीच असते. तथापि उरलेल्या एका टक्क्यात पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू करणारे विकर, जंतूंचा प्रतिकार करणारी द्रव्ये आणि दातांचे रक्षण करणारे क्षार सामावलेले असतात. घास ओला होणे, चव कळणे, स्पष्ट बोलता येणे आणि दात न किडणे या सर्व गोष्टी लाळेवर अवलंबून आहेत. लाळग्रंथी बिघडल्या की लाळेचे महत्त्व ध्यानी येते.

ग्रंथींची रचना

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानाच्या पुढे व खाली असणारी अनुकर्ण ग्रंथी सर्वात मोठी. तिची नळी गालाच्या आतील बाजूस, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जबड्याच्या हाडाखाली अधोहनु ग्रंथी आणि जिभेखाली अधोजिव्ह ग्रंथी असते. याखेरीज ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. अनुकर्ण ग्रंथीमधून चेहऱ्याच्या हालचालींचे नियंत्रण करणारा मज्जातंतू जातो. या एका गोष्टीमुळे तेथील गाठीचे निदान आणि शस्त्रक्रिया या दोन्ही बाबी नाजूक ठरतात.

गालगुंड

लाळग्रंथींचा सर्वपरिचित विकार म्हणजे गालगुंड. हा विषाणुजन्य रोग खोकल्या-शिंकण्यातून व लाळेतून पसरतो. संसर्गानंतर बहुधा सोळा ते अठरा दिवसांनी ताप येतो, कानाखाली सूज येते आणि चावताना वेदना होतात. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, मऊ आहार आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तापावरील औषध एवढाच उपचार पुरतो. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. आंबट पदार्थांनी लाळ वाढून दुखणे बळावते, म्हणून ते टाळावेत. सुजेवर लेप लावल्याने रोग बरा होत नाही. तो बहुतेक वेळा आपल्या क्रमाने आठ-दहा दिवसांत ओसरतो.

मात्र तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, वारंवार उलट्या, ऐकू कमी येणे अथवा वृषणाला सूज येणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णाला विनाविलंब दवाखान्यात न्यावे. वयात आलेल्या पुरुषांत वृषणाची सूज बऱ्याच वेळा आढळते. परंतु तिच्यामुळे कायमचे वंध्यत्व येण्याचे प्रमाण अल्प आहे. सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये.

या रोगावरील प्रभावी लस अमेरिकेत १९६७ साली उपलब्ध झाली. मॉरिस हिलेमन या शास्त्रज्ञाने आपल्याच मुलीच्या घशातून घेतलेल्या विषाणूपासून ती तयार केली होती. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये ज्या लसीची मोठी मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, ती गोवर-रुबेला लस होय. तिच्यात गालगुंडाचा घटक नाही. गालगुंडासाठी तिन्ही रोगांची संयुक्त लस घ्यावी लागते. पालकांचा येथे गैरसमज होण्याचा संभव असल्याने शिक्षकांनी हा भेद समजावून सांगणे इष्ट आहे.

खडा आणि जंतुसंसर्ग

जेवायला बसताच जबड्याखाली सूज यावी, ठणका लागावा आणि तासा-दोन तासांत सर्व ओसरावे, असे वारंवार घडत असेल तर लाळेच्या नळीत खडा असण्याची दाट शक्यता असते. असे सुमारे ऐंशी टक्के खडे अधोहनु ग्रंथीत आढळतात. तिची लाळ दाट व क्षारयुक्त असते आणि तिला लांब नळीतून वर चढावे लागते, हे त्याचे कारण. डॉक्टर एक बोट तोंडात व दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली ठेवून खडा चाचपतात. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीने त्याची खात्री होते. लहान खडा भरपूर पाणी, मालीश आणि लिंबासारख्या आंबट पदार्थाने बाहेर पडू शकतो. मोठा खडा तोंडातूनच छेद घेऊन किंवा सूक्ष्म दुर्बिणीने काढतात. क्वचित ग्रंथीच काढावी लागते.

गालगुंडात आंबट वर्ज्य आणि खड्यात तेच उपकारक, हे लक्षात घेतले म्हणजे निदानाविना उपचार करणे किती चुकीचे आहे, हे स्पष्ट होते.

शरीरातील पाणी कमी झालेल्या वृद्धांना आणि शस्त्रक्रियेनंतर तोंड कोरडे पडलेल्या रुग्णांना जंतुसंसर्गाने अनुकर्ण ग्रंथीचा दाह होतो. ग्रंथी दाबल्यास दाढेसमोरील छिद्रातून पू येतो. येथे मात्र प्रतिजैविके आवश्यक असतात; पू साचल्यास तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. पाणी आणि तोंडाची स्वच्छता हाच यावरील प्रतिबंध होय.

तोंडाचा कोरडेपणा

मधुमेह, काही औषधे आणि मान-चेहऱ्यावरील किरणोपचार यांमुळे लाळ आटते. तंबाखूमुळे होणाऱ्या मुखकर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या अनेकांना हा त्रास दीर्घकाळ सोसावा लागतो. तोंडासोबत डोळेही कोरडे पडत असतील, तर स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली वर्णिलेल्या विकाराची शंका घ्यावी. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करते. रक्ततपासणी, अश्रूंचे मापन आणि ओठातील सूक्ष्म ग्रंथीच्या तुकड्याची तपासणी यांवरून निदान होते. घोट-घोट पाणी पिणे, साखरविरहित गोळी चघळणे, फ्लोराइडयुक्त दंतमंजन वापरणे आणि दातांची नियमित तपासणी करणे यांनी दिलासा मिळतो. आवश्यक तेथे डॉक्टर लाळ वाढविणारे औषध देतात.

न दुखणारी गाठ

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते न दुखणाऱ्या गाठीकडे. दुखत नाही म्हणून रुग्ण वर्षानुवर्षे थांबतो. कधी शस्त्रक्रियेने तोंड वाकडे होईल या भीतीने थांबतो. वस्तुतः अनुकर्ण ग्रंथीतील सुमारे ऐंशी टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु त्यांतील सर्वात सामान्य गाठ दीर्घकाळ राहिल्यास तिचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. शिवाय ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातील गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक असते. गाठ झपाट्याने वाढणे, कातडीला चिकटणे, मानेत आणखी गाठी येणे आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे ही धोक्याची चिन्हे होत. म्हणजे ज्या वाकडेपणाच्या भीतीने शस्त्रक्रिया लांबविली जाते, तो वाकडेपणा विलंबामुळेच येण्याचा संभव असतो.

निदानासाठी सोनोग्राफी करतात आणि बारीक सुईने पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गरजेनुसार सीटी अथवा एमआरआय तपासणी होते. नुसती गाठ खरवडून काढल्यास ती पुन्हा उद्भवते. म्हणून तज्ज्ञ शल्यचिकित्सक मज्जातंतू जपून सभोवतालच्या ग्रंथीच्या भागासह ती काढतात. कर्करोग असल्यास पुढे किरणोपचार देण्यात येतात.

गावपातळीवरील कर्तव्य

या विकारांचे निदान गावात पूर्णपणे होणार नाही. पण त्यांची शंका गावातच घेता येते. एकाच वर्गातील दोन-तीन मुलांचे गाल सुजल्याचे दिसताच शिक्षकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. कोणतीही सूज किंवा गाठ तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास पंचायत सदस्यांनी व आशा कार्यकर्तींनी त्या व्यक्तीस ग्रामीण वा जिल्हा रुग्णालयात जाण्यास प्रवृत्त करावे. खर्चाच्या चिंतेने कोणी थांबत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली मिळू शकणाऱ्या साहाय्याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. वेळेवर दिलेला एक सल्ला एखाद्या माणसाचा चेहरा आणि प्रसंगी त्याचे प्राणही वाचवू शकतो.