युक्त म्हणजे किती?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७. दोन्ही श्लोक आधी मोठ्याने वाचा, मग पुढे या.

ध्यानाच्या अध्यायात भगवंत मधेच जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल बोलतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, झोपाळूला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही, असा सोळाव्याचा भाव. सतराव्यात 'युक्त' हा शब्द तीनदा येतो. मी बरीच वर्षं त्याचा अर्थ 'मध्यम' असा घेत होतो. चार आणि आठ यांची सरासरी सहा, संपलं! इंजिनिअरचं डोकं, दुसरं काय.

२०२२ मध्ये मी गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी नाव दिलं. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, मग २१.१ किमी पळणं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. मैलांत बेरीज ७०.३, म्हणून हे नाव. शर्यत १३ नोव्हेंबरला होती.

त्या वर्षी आषाढी एकादशी रविवारी आली, १० जुलैला. रविवार म्हणजे माझ्या लांब सायकलिंगचा दिवस. साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालो असतो तर निभावलं असतं, पण मला निर्जळी करायची होती आणि सायकलही सोडायची नव्हती. दशमीच्या रात्रीही जेवलो नव्हतो. तळेगावहून जुन्या हायवेने लोणावळा गाठलं. परत येताना कामशेतच्या अलीकडे हात थरथरायला लागले, रस्ता डोळ्यांपुढे हलायला लागला. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोराच्या मेहनतीत साधारण दीड-दोन तास पुरते. माझी संपली होती.

पावसात भाजलेली कणसं विकणाऱ्या एका आजींच्या ताडपत्रीखाली जाऊन बसलो. त्यांचाही उपास होता. त्यांनी स्वतःच्या डब्यातले शेंगदाणे आणि गूळ हातावर ठेवला, तांब्याभर पाणी दिलं. मी म्हणालो, "आजी, निर्जळी आहे."

"पोरा, उपास देवाचा हाय का सायकलचा?"

गूळ खाल्ला, पाणी प्यायलो. (त्या कणसांचे पैसे घ्यायला तयार होत्या, गुळाचे नाही.)

जेवणाचा धडा तिथे मिळाला, पण झोपेचा मिळाला नव्हता. रात्री अकरापर्यंत क्लायंटचे कॉल, पहाटे चारला गजर. साडेचार तासांच्या झोपेचा मला अभिमान वाटायचा, तपश्चर्या वाटायची ती. सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी सोमाटणे फाट्याजवळ स्कूटर चालवताना माझा डोळा लागला. क्षणभरच. चाक रस्त्याच्या कडेला खडीत उतरलं आणि त्या हिसक्याने जाग आली. मागे माझी सहा वर्षांची मुलगी बसली होती. तिला वाटलं, बाबाने मुद्दाम गंमत केली.

घरी येऊन बायकोला खरं ते सांगितलं. ती रागावली नाही. रात्री माझा फोन तिने आपल्या उशीखाली घेतला आणि झोपली. चारचा गजर वाजला नाही, किंवा तिने बंद केला. मी विचारलं नाही. त्या आठवड्यापासून पहाटेचे सहा सराव चारवर आणले.

आता 'युक्त'कडे परत येऊ. हा शब्द आणि 'योग' एकाच 'युज्' धातूपासून आले आहेत, म्हणजे जोडणं. त्या-त्या कामाला जे जोडून बसतं ते युक्त, असं मला वाटतं. म्हणून त्याचं माप रोज एकच राहत नाही. शर्यतीत सायकलवर मी दर वीस मिनिटांनी खात होतो, तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदकं : खजूर, चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. एरवी ऑफिसात बसून असं खाल्लं तर ते अतिच. तिथे मात्र कमी खाल्लं की पाय संपतात आणि जास्त खाल्लं की पोट फुगतं, कारण रक्त पायांकडे गेलेलं असतं. पाण्याचंही तसंच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस आडवा होऊ शकतो.

मिरामारच्या समुद्रातून बाहेर आलो तेव्हा खारं पाणी पिऊन मळमळत होतं. सायकल ठीक झाली. पळताना दुपारचं ऊन होतं, आणि चौदाव्या किलोमीटरला हिशोब केला : आत्ता जोर लावला तर सात तासांच्या आत. मोह मोठा होता. घड्याळात नाडीचे ठोके बघितले, आणि पुढच्या पाण्याच्या टेबलाशी चालत गेलो. त्याच्या पुढच्याशीही.

सात तास चौतीस मिनिटं लागली. शेवटच्या कमानीपलीकडे बायको उभी होती, आणि तिच्या खांद्यावर मुलगी गाढ झोपली होती. आम्ही तिला उठवलं नाही.

उद्या श्लोक १८ घेऊ. राम कृष्ण हरी.