ग्रंथश्रवण आणि दृष्टी

चातुर्मास लागला की आपल्या वऱ्हाडात गावोगाव पारायणे सुरू होतात. अकोट घ्या, दर्यापूर घ्या, चांदूर बाजाराकडे जा, मंडपात व्यासपीठावर ज्ञानेश्वरी उघडलेली आणि पुढे ओळीने वाचक बसलेले दिसतात. सात दिवसांत अठरा अध्याय, म्हणजे नऊ हजार ओव्या मुखातून जातात. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन, महाप्रसाद, की मंडप सुटला! गेली चाळीस वर्षे मी हे पाहत आहे. काल्याच्या दिवशी पुष्कळदा मनात येई की, एवढे वाचून ह्या मंडळींना जग कालच्यापेक्षा काही निराळे दिसू लागले काय? हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्यांविषयी विचारीत असे. स्वतःला विचारण्याची पाळी फार उशिरा आली. ते पुढे सांगतो.

पाठशाळेत आम्हाला ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याची सहा लिंगे शिकवली होती. उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. त्यांतली दोन आज आपल्या कामाची. अपूर्वता म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही, अनुमानाने कळत नाही, ते ग्रंथाने सांगणे. आधीच ठाऊक असलेलेच जो सांगतो तो नुसता अनुवाद. अग्नी ऊन असतो हे कळण्यासाठी कोणी पोथी सोडीत नाही. आणि फल म्हणजे ते ऐकून ऐकणाऱ्याच्या पदरात पडते ते. अपूर्वता ग्रंथात असते, पण फल दिसते ते घरात, शेतात, चारचौघांशी बोलताना. आम्ही शास्त्री मंडळी अपूर्वतेवर तासभर बोलतो आणि फलाशी आलो की आरतीची वेळ होते.

ग्रंथाने दृष्टी कशी येते ह्याचे वऱ्हाडातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज. सन १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी ह्या गावी त्यांचा जन्म झाला. घराणे माधानचे, कुणब्याचे. वर्षाचे होण्याच्या आतच दोन्ही डोळे गेले. म्हणजे अक्षर कसे दिसते हे त्यांनी जन्मात पाहिले नाही. असे असून वेदान्त, सांख्य, योग, आयुर्वेद, संगीत अशा विषयांवर त्यांच्या नावे शंभरावर ग्रंथ आहेत, आणि वय किती लाभले म्हणाल तर अवघे चौतीस वर्षांचे. सन १९१५ मध्ये पुण्यास त्यांनी देह ठेवला. सन १९०१ मध्ये आळंदीस ज्ञानोबारायांचा अनुग्रह झाला असे ते मानीत आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत.

आता हे वाचन झाले कसे, ते पाहा. दुसऱ्याने वाचायचे, ह्यांनी ऐकायचे. ह्यांनी सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. तुम्ही आम्ही वाचताना मागचे पान पुन्हा उलटतो, खूण घालून ठेवतो, उद्या पाहू म्हणतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. शब्द आला तो आला. तो तेव्हाच धरावा लागतो आणि धरायचा तर मन रिकामे ठेवावे लागते. श्रवण, मनन, निदिध्यासन ह्यांत श्रुतीने श्रवण पहिले का घातले, हे महाराजांच्या चरित्रावरून जितके कळते तितके भाष्यावरून मला कळले नव्हते. आणखी एक. त्यांनी आपल्याच परंपरेचे ग्रंथ ऐकले असे नाही. डार्विन आणि स्पेन्सर ह्या विलायती पंडितांची मतेही त्यांनी समजून घेतली आणि मग त्यांचा परामर्श घेतला. घाबरून कान झाकले नाहीत, की दिपून जाऊन मान डोलावली नाही. ज्याची दृष्टी एका ग्रंथाने पक्की झाली त्याला दुसरा ग्रंथ ऐकण्याचे भय वाटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) तर शाळेत बसलेच नव्हते. तुकोबांची वाणी कानांनी ऐकली आणि खराटा हातात आला. त्याविषयी पुन्हा कधी लिहीन.

आता माझी गोष्ट. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला करणाऱ्यांच्या हातून तीनशे वर्षांत अपपाठ शिरले होते, ते प्रती ताडून काढले. ही कथा मी कीर्तनात फार रंगवून सांगतो. परंतु खरे सांगायचे तर नाथांच्या ह्या उपकाराची मी काठी केली होती. वाचकाचा उच्चार चुकला, चरण तुटला, की लागलीच टोकायचे.

सहा वर्षांपूर्वी अकोटाकडील एका खेड्यात सप्ताह होता. सालदारकी करणारा एक गृहस्थ, वय पन्नाशीचे, मोठ्या हौसेने वाचायला बसला होता. तेरावा अध्याय चालला होता. ओवीचा शेवटचा आखूड चरण तो सोडायचा आणि पुढच्या ओवीला जोडायचा. मी ध्वनिक्षेपकावरून सगळ्या मंडपादेखत म्हणालो, “अहो, पोथी बंद करा. अशुद्ध वाचण्यापेक्षा न वाचलेले बरे.” त्याने पोथीला नमस्कार केला, ती फडक्यात बांधली आणि उठून गेला. मला वाटले, शास्त्र राखले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्या डोळ्याला सूज राहिली आणि दुसऱ्यातला तर पिकलेलाच होता. डॉक्टरांनी वाचन अजिबात बंद सांगितले. पंचांगातली तिथी दिसेना. घरात चालायचे तर भिंतीला हात लावून. पाठांतर पुष्कळ होते, पण पाठांतराची गंमत अशी की, जीभ चालते आणि मन दुसरीकडे फिरून येते. शेवटी नववीत शिकणाऱ्या नातीला म्हटले, “बाळ, रोज सायंकाळी शंभर ओव्या वाच.” ती वाचू लागली. अडखळायची, ठेचाळायची आणि शेवटचा आखूड चरण सोडून पुढच्या ओवीला जोडायची! पण तिला टोकायचे धाडस मला होईना. रागावली आणि उठून गेली तर मला वाचून दाखवणार कोण?

तेरावा अध्याय आला. त्यात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा ही ज्ञानाची लक्षणे आहेत. अहिंसेवर माउली किती वेळ थांबतात हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आरंभी यज्ञातली हिंसा, औषधातली हिंसा ह्यांचा विचार. तेवढा भाग मी आजवर मतखंडन म्हणून सांगत आलो. विद्यार्थ्यांना पूर्वपक्ष, उत्तरपक्ष असे खुणा करून देत असे. आणि पुढचे? पुढे अहिंसक पुरुषाचे चालणे येते. लाट मोडू नये म्हणून पक्षी पाण्यावर पाऊल जपून टाकतो, केसर चुरगळू नये म्हणून भुंगा कमळावर हलके उतरतो, तसे त्याचे चालणे. ते ऐकले त्या दिवशी मीच भिंत धरून, पायाखाली काय येईल ह्या भीतीने पावले टाकीत होतो. पाऊल टाकणे हीसुद्धा एक क्रिया आहे, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळत होते.

पुढे बोलणे आले. ह्या पुरुषाची माया आधी पोचते, शब्द मागून येतात. मग पाहणे आले. सर्व भूतांत परब्रह्म आहे, त्याला आपली नजर खुपेल म्हणून तो सहसा कोणाकडे रोखून पाहतच नाही. आणि पाहिलेच तर समोरचा निवतो.

नातीने पान उलटले. मी म्हणालो, “थांब.” ह्या ओव्यांवर मी किती कीर्तने केली असतील, हिशेब नाही. टाळ्या घेतल्या आहेत. पण त्या सायंकाळी मला मंडप दिसला, ध्वनिक्षेपक दिसला आणि फडक्यात पोथी बांधणारे ते दोन हात दिसले. तोही तेराव्याच अध्यायावर होता! शब्द मी पाठविले होते, मायेचा तेथे पत्ता नव्हता. शुद्ध पाठ मी राखला आणि पाठात काय आहे ते सोडले.

डोळ्याने जरा दिसू लागल्यावर नातीला घेऊन त्या गावी गेलो. तो घरीच होता. गडबडीने बाज टाकली, वर घोंगडी अंथरली. मी म्हणालो, “भाऊ, त्या दिवशी माझे चुकले.”

तो म्हणाला, “नाही जी महाराज. चुकत तं मीच होतो. आता मी वाचाले बसत नाही, मांडवाच्या बाहीर बसून आयकतो.”

मला काय बोलावे सुचेना. मग तोच आपणहून म्हणाला, “पन थे पाण्यावर पाय ठेवनाऱ्या पाखराचं वाचलं होतं ना जी, थे माह्या ध्यानात राह्यलं. तवापासून डवरनीच्या वक्ती टिटवीचे अंडे दिसले का मी डवरा उचलून घेतो. एखादं तास सुटते. मालक बोलते मले. बोलू द्या.”

मी सहा लिंगांचा अभ्यास केलेला मनुष्य. बाजेवर बसून त्याच्या पायांकडे पाहत राहिलो. टाचांना भेगा पडलेले, चिखलाचे पाय.

नातीने पिशवीतून पोथी काढली होती. तिने त्याला विचारले, “काका, कोठून वाचू?”

तो जरा लाजला. म्हणाला, “महाराजांनी मले थांबवलं होतं ना माय, तेथूनच वाच.”