छायाचित्र, स्थलनाम आणि स्मृती : अंबरनाथ-उल्हासनगर परिसर

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात जुने छायाचित्र विश्वसनीय साधन मानले जाते. परंतु त्याच्या चौकटीत कोणास स्थान मिळाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शके 982 (इ. स. 1060) चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराची छायाचित्रे, आरेखने व साचे मुंबई सरकारने 1868 च्या सुमारास करवून घेतले. हेतू शिल्पांच्या नोंदीचा होता, गावच्या लोकजीवनाच्या नोंदीचा नव्हे.

शेजारच्या कल्याण कॅम्प या महायुद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. घरदार मागे टाकलेल्यांजवळ छायाचित्रे असण्याचा संभव कमीच. 1949 मध्ये वसाहतीस ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. तरी ‘कॅम्प नंबर चार’ अशी गणना बोलण्यात आजही टिकून आहे. छायाचित्राने न टिपलेली छावणी स्थलनामाने जपली, असे म्हणता येईल.

म्हणून अभ्यासकाने उपलब्ध छायाचित्र वृद्धांसमोर ठेवावे व त्यांचे कथन त्यांच्याच भाषेत, सिंधीत वा आगरी बोलीत, नोंदवावे. प्रमाण मराठीत ते नंतर आणावे. फाळणी पाहिलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे. या कामी विलंबास फारसा अवकाश उरलेला नाही.