इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन का वाढते?

या तिमाहीच्या आरोग्य पाठासाठी मी इन्सुलिनचा विषय घेतला आहे. पाड्यावरच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करताना आणि शहरातल्या मंडळ्यांना भेटी देताना एकच वाक्य दोन्हीकडे कानी पडते: "सिस्टर, सुई सुरू केली आणि अंग सुटलं." त्यापुढचे मात्र पुष्कळ जण सांगत नाहीत. वजनाच्या धास्तीने ते डोस परस्पर कमी करतात, कधी सुई बंदच करतात. मग साखर चढते, वजन उतरते आणि माणसाला बरे वाटते. पण ते उतरणे आजाराचे असते. डोळे, मूत्रपिंड आणि पाय त्याची किंमत मोजतात.

आधी कारण समजून घेऊ. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीवाटे वाहून जाऊ लागते. म्हणजे खाल्लेल्यातला काही भाग अंगी लागतच नाही. इन्सुलिन मिळाले की ही गळती थांबते. जेवण पूर्वीइतकेच राहिले, तरी आता ते सगळे अंगी लागते आणि जास्तीची चरबी होते. ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मुख्यतः आहारावर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन दहा वर्षांत सरासरी ४ किलो जास्त वाढले होते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की वाढलेले वजन हवे होते की नको होते? आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मावश्या मुळात हडकुळ्या असतात. त्या दोन-तीन किलोंनी भरल्या तर ती भरपाई आहे. त्यांना "कमी खा" म्हणू नये. ज्यांची कंबर आधीच मोठी आहे (पुरुषांत ९० सेंटीमीटर, स्त्रियांत ८०च्या वर), त्यांनी मात्र पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवावे.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वजन वाढते ते साखर उतरण्याच्या भीतीने. हात थरथरले, घाम फुटला की घरचे लोक घाबरून लाडू, बिस्किटे, गोड चहा, वर भाकरी, सगळेच पुढे करतात. साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. अजून कमी असेल तर तेवढेच परत. जेवणाची वेळ लांब असेल तर नंतर थोडेसे खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. आणि असे वारंवार होत असेल तर ताट वाढवू नका, डॉक्टरांना सांगा. डोस किंवा त्याची वेळ बदलावी लागते.

चहाचा हिशेबही करा. दिवसाला सहा कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे साधारण २४० कॅलरी नुसत्या साखरेच्या! नागलीची भाकरी चांगलीच, पण "नागली आहे ना" म्हणून चार खाल्ल्या तर चारही अंगी लागतात. भाकरी कमी करून डाळ, शेंगभाजी, पावसाळ्यात टाकळा, कर्टोली वाढवा.

रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झपझप चालावे. जेवणानंतरचे चालणे विशेष उपयोगी. लावणी-कापणीच्या दिवसांत अंगमेहनत एकदम वाढते आणि साखर उतरू शकते, तेव्हा डोसबद्दल आधीच विचारून ठेवावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. उपासकाळातही तसेच. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपास धरू नये.

एक विनंती मंडळीतल्या भगिनींना. प्रीतिभोजनात "एवढ्याने काय होतंय" म्हणत दुसरी वाटी खीर वाढू नका. बिनसाखरेच्या चहाची किटली वेगळी ठेवली तर कोणाला मागावे लागणार नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी न्याहारीपूर्वी करावे आणि साखरेच्या वहीतच लिहावे. महिन्यात दोन किलोंपेक्षा जास्त वाढले तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सोबतच्या गोळ्या बदलूनही काही वेळा वाढ आवरता येते. तोवर सुई चालूच ठेवा.