तोंड मिटण्याआधी



उसात तंतू वाढला की रस घटतो, हे आपणांस सांगायला नको. माणसाच्या अवयवांतही असाच तंतू वाढतो. त्याची ओळख या अंकात करून देत आहोत.

निमित्त झाले ठाण्याच्या खोपट एस.टी. स्थानकावर. गाडीला अवकाश होता म्हणून भाकरी सोडली, तर बरोबरचे एक सभासद बोटाएवढे तुकडे करून तोंडात सरकवू लागले. ठेचा त्यांना सोसवेना, जांभईही पुरती देता येईना. वय चाळिशीच्या आतले. खिशात सुपारीची पुडी मात्र कायम.

जखम भरताना शरीर तेथे चिवट धागे विणते. त्यांना कोलॅजेन म्हणतात. जखम भरली की विणकाम थांबते, जादा धागे विरघळतात. पण एकाच जागी रोज इजा होत राहिली तर विणकाम थांबतच नाही. मऊ भागात घट्ट जाळे बसते आणि अवयवाचे काम मंदावते. रोजच्या दारूने यकृत असेच कडक होते. बुरसटलेल्या बगॅसची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर फुफ्फुसाचीही तीच गत होऊ शकते. तेव्हा बगॅसच्या ढिगाजवळ मास्कशिवाय काम नको.

सुपारीचे काम तिहेरी. तिच्यातले अरेकोलीन धागे विणणाऱ्या पेशींना चेतवते, तांबे धागे पक्के बांधायला मदत करते आणि तुरट द्रव्ये ते विरघळू देत नाहीत. म्हणजे पेरणी जोरात, काढणी बंद! मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यातून काहींना पुढे कर्करोगही होतो. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली. पण नुसती सुपारीही निर्धोक नाही.

पारख सोपी आहे. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमधून घालून पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट, ताठर लागत असेल, तर दंतवैद्याला लगेच दाखवा. बसलेले जाळे सहसा पुरते जात नाही. म्हणूनच सुपारी आजच सोडावी, नि तपासणी चुकवू नये.

आणि एक. पाहुण्यापुढे पानाचे तबक ठेवताना घरातल्या पोराच्या हाती खांड देऊ नका. सवय तिथूनच लागते.